माहेरच्या नावाची ठेव

वाटूर फाट्यावरून थंड पेयाची काचेची बाटली घरी न्यायची असली तर दुकानदार वर एक रुपया ठेवून घ्यायचा. बाटली परत केली की रुपया परत. माझं आयुष्यातलं पहिलं डिपॉझिट ते, आणि बाटली रस्त्यात फुटल्यामुळे पहिल्याच झटक्यात बुडालं. पुढे कॉलेजात प्रयोगशाळेची अनामत भरली. ती मागायला मी कधी गेलो नाही आणि कॉलेजनेही बोलावून दिली नाही. लग्नात पंगतीची भांडी आणली की मंडपवाला अनामत घ्यायचा आणि एक पळी कमी भरली तरी त्यातून कापायचा. निवडणुकीत कोणाचं डिपॉझिट जप्त झालं की गाव आठ दिवस हसायचं. बँकेत नोकरीला लागलो तेव्हा याच गोष्टीला ठेव म्हणायला शिकलो. आमचे वडील मात्र सगळ्यालाच अनामत म्हणायचे. त्यांच्या लेखी अनामत म्हणजे ज्याची आहे त्याने मागितली की मुकाट्याने देऊन टाकायची वस्तू. मी उभा जन्म ठेवींच्या काउंटरवर काढला. बँकेत ते इतकं सोपं नसतं.

आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं होती. एक्याऐंशी साली वडिलांनी ती विकली. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो आणि माझी थोरली बहीण, अक्का, बारा वर्षांची. गायरानं नांगरली जात होती, चारायला जागा उरली नव्हती, आणि कळप कोणाच्या पिकात शिरला की भांडणं ठरलेली. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. वडिलांनी कळप एका व्यापाऱ्याला दिला आणि स्वतः रखवालदारीची कामं धरली. पुढे हंगामात ते अंकुशनगरला उसाच्या कामावरही जाऊन यायचे.

कळपामागे फिरायची ती अक्का. सातव्या वर्षापासून ती मेंढरांमागे आणि मी शाळेत. ही वाटणी कोणी बसून ठरवली नव्हती, ती तशी पडली आणि मला सोयीची होती म्हणून मी कधी बोललो नाही. वडिलांच्या मनात मात्र ते सलत असावं. विक्रीच्या पैशातले सात हजार त्यांनी परतूरच्या बँकेत अक्काच्या नावाने मुदत ठेवीत टाकले. भावकीतल्या लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. पोरगी परक्याचं धन, तिच्या नावाने कोण पैसे ठेवतं, असं तोंडावर विचारलं. वडील एवढंच म्हणाले, "मेंढरं तिनं राखली. मंग वाटा कोणाला देऊ?"

सत्त्याऐंशीला अक्काचं लग्न झालं. सासर भोकरदन तालुक्यात, धावड्याच्या बाजूला, म्हणजे आमच्यापासून जिल्ह्याचं दुसरं टोक. तिथे आमच्यातल्या रिवाजाप्रमाणे ताटात तांदूळ पसरले आणि दाजींनी अंगठीने त्यात तिचं नवं नाव लिहिलं. नणंदेने सुचवलेलं नाव होतं. त्या संध्याकाळपासून अक्का कागदोपत्रीसुद्धा दुसरीच कोणी झाली. नाव नवं, वडिलांच्या जागी नवरा नवा, आडनाव नवं. बँकेतल्या पावतीवरचा एक शब्दही तिच्यापाशी उरला नाही.

परतताना एसटीत मी वडिलांना म्हणालो, की आता बँकेत नाव बदलून घ्यावं लागेल. त्यांनी मला गप्प केलं. "बिलकुल न्हाई. सासरी कळू द्यायचं न्हाई. जुन्या नावाचा माणूस आता कुठंच न्हाई, मंग ते पैसे कोण काढणार? कुलूपच बसलं म्हण." त्यांना ही युक्ती फार आवडली होती. मलाही आवडली. दर दिवाळीला अक्का माहेरी आली की वडील तिला डब्यातली पावती दाखवायचे. एक्क्याण्णवला मुदत संपली तेव्हा तिला परतूरला नेऊन पावतीमागे अंगठा उठवून आणला. शेजारी कारकुनाने माहेरचंच नाव लिहिलं आणि कोणी काही विचारलं नाही. अक्का हसून म्हणायची, "माझं एक नाव सासरी राबून राह्यलंय आन एक बँकेत बसून खाऊन राह्यलंय."

ब्याण्णव साली मी त्याच शाखेत कारकून म्हणून लागलो. ठेवींचं काउंटर माझ्याकडे आलं. मी फार काटेकोर होतो, म्हणजे तसं म्हणवून घ्यायला मला आवडायचं. नावातल्या एका वेलांटीवरून मी लोकांना परत पाठवायचो. लग्नाआधीच्या नावाची पावती घेऊन बायका यायच्या. त्यांना मी शांतपणे सांगायचो, की कागद घेऊन या, आणि त्या पुन्हा कधी यायच्या नाहीत. शाखाधिकारी इतरांना माझं उदाहरण द्यायचे. त्याच खतावणीत माझ्या बहिणीचं पान होतं, तेच जुनं नाव, आणि ते मी रोज उलटायचो. तेव्हा हे सगळं निवांतपणे उरकता आलं असतं. सासरचं एक रेशनकार्ड, एक प्रतिज्ञापत्र, एक अर्ज. कळू द्यायचं नाही हे घरात ठरलेलं होतं म्हणून मी हात लावला नाही. शिवाय घाईही नव्हती.

दुसऱ्या बाळंतपणानंतर अक्काला दम लागायला लागला. सासरी आधी तो आळस ठरला, मग अशक्तपणा. पंच्याण्णवच्या दिवाळीत ती आली तेव्हा फाट्यापासून घरापर्यंत तीनदा बसली. जालन्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि औरंगाबादला जायला सांगितलं. तिथे जाईपर्यंत डिसेंबर संपत आला. तिथे कळलं की हृदयाची झडप आवळत चालली आहे आणि ऑपरेशन लागेल. डॉक्टर चांगले होते, समजावून सांगत होते. म्हणाले, फार थांबू नका, उन्हाळ्याच्या आत करून टाका. तारीख कोणती, असं मी विचारलं तर त्यांनी पैसे भरायच्या खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "पंचवीस हजार डिपॉझिट भरा. पावती दाखवली की तारीख मिळते."

वडिलांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटलं ते समाधान होतं, खोटं कशाला सांगू. सात हजारांचे तोवर एकोणतीस झाले होते. आपण चौदा वर्षांपूर्वी केलेली गोष्ट अशी कामाला आली, म्हणून त्यांची छाती फुगली. "तिचेच हायेत," ते खिडकीतल्या माणसाला म्हणाले, "कोणापुढं हात पसरायचा न्हाई." त्या माणसाला त्याचं काय. तो पुढच्या नातेवाइकाशी बोलायला लागला.

आम्ही अक्काला वाटूरलाच ठेवून घेतलं. पोरं सासरी राहिली. दुसऱ्या दिवशी मी पावती शाखाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवली आणि सगळी हकिगत सांगितली. त्यांनी पावती वाचली, मागचा अंगठा पाहिला आणि चष्मा काढला. "एक्क्याण्णवला लग्न झालेलं होतं? मग हे नाव कसं चाललं?" ते माणूस वाईट नव्हते. पण काही महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका शाखेत कारकुनानेच खोट्या अंगठ्यावर कोणाची तरी ठेव उचलली होती आणि तिथल्या साहेबांची चौकशी सुरू होती. ते म्हणाले, "परकं कोणी असतं तर मी थोडं इकडेतिकडे केलं असतं. तुमच्या घरचं आहे म्हणून मला जास्त जपायला हवं. उद्या लोक म्हणतील, स्टाफने बहिणीच्या नावावर पैसे काढले."

दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे सिद्ध करायचं होतं. मी ओळख देतो म्हणालो. ते म्हणाले, "तुमची ओळख चालणार नाही. सख्खे भाऊ आहात, वर आमचे कर्मचारी. हितसंबंध येतो." लग्नपत्रिका चालेना, तिच्यावर माहेरचंच नाव. लागणार होतं ते सासरचं रेशनकार्ड, तिथल्या पोलीस पाटलाचा दाखला आणि नवऱ्याचं प्रतिज्ञापत्र. ते सगळं जालन्याच्या मुख्य कार्यालयात जाऊन मंजूर होऊन येणार होतं. मी एवढी वर्षं लोकांना जी यादी वाचून दाखवत होतो, तीच होती. तिच्यात चूक काढावी असं काही मला सापडलं नाही.

निघताना साहेब हळूच म्हणाले, "तोवर तुम्ही स्टाफ लोन का घेत नाही? आठ-दहा दिवसांत करून देतो. ठेव मोकळी झाली की फेडून टाका."

ते कर्ज मी स्टेशन रोडच्या प्लॉटसाठी राखून ठेवलं होतं. बोलणी होत आली होती. मी म्हणालो, "तिचे स्वतःचे आहेत ना सर. आज ना उद्या निघतीलच."

तरी एकदा अक्कालाच समोर उभं करून पाहावं असं वडिलांनी मनात घेतलं. बँकेच्या पाच पायऱ्या चढायला तिला किती वेळ लागला ते मी काउंटरवरून पाहत होतो. साहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. तिने कोऱ्या कागदावर अंगठा उठवला. साहेबांनी तो पावतीमागच्या अंगठ्याशेजारी धरला आणि बराच वेळ पाहिला. म्हणाले, मी काही यातला तज्ज्ञ नाही.

अक्का म्हणाली, "साहेब, अंगठा तर माझा एकच हाये."

"अंगठा एकच आहे हो बाई, पण नावं दोन आहेत."

तिला हसू आलं. हसताना दम लागला आणि ती पदर तोंडाला लावून थांबली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बँकेत बसून खाणारी वळख देईना बघ." साहेबही कसंनुसं हसले. मी शाईचं पॅड कपाटात ठेवायला उठलो.

धावड्याला जाणं भाग होतं. वाटूरहून जालना, तिथून भोकरदन, तिथून धावडा, आणि पुढे पायी. दाजी खळ्यावर होते. मी सगळं सांगितलं. ऑपरेशनचं ऐकून ते घाबरले, पण पैशाचं ऐकून त्यांचा चेहरा बदलला. सासूबाई ओसरीवरून ऐकत होत्या.

"किती साल झाले लग्नाला?" दाजींनी विचारलं.

"नववं चालू आहे."

"नऊ साल तुमी बाप-लेक आमाला चोर समजून राह्यले. आन तीबी." ते ओरडले नाहीत. ज्वारीची धाटं पायाने सरकवत बोलत राहिले. "आता अडलं तवा सही पाह्यजे. सही देतो. पर रक्कम आदी माझ्या हातात आली पाह्यजे. दवाखान्यात मी भरन. नवरा मी हाये."

मला राग आला. त्यांच्या हातात पैसे पडू नयेत म्हणून तर हे सगळं केलं होतं. मी म्हणालो, की रक्कम तिच्या नावाने निघेल आणि सरळ दवाखान्यात जाईल. ते म्हणाले, मंग खळं झाल्यावर बघू. मीही पायात चपला घातल्या. दोघांपैकी एकही मागे हटला नाही. परतीच्या एसटीत मी मनातल्या मनात त्यांना काय काय सुनावत बसलो होतो. अक्काचा विचार त्या प्रवासात मी फार केला असं मला आठवत नाही.

पुढचे दोन महिने कागद फिरत राहिले. मी तहसीलच्या वकिलाकडून प्रतिज्ञापत्राचा मसुदा करून पोस्टाने पाठवला. दाजींनी सही न करता ठेवून दिला. वडील एकदा स्वतः जाऊन आले आणि पाय धरायचेच बाकी ठेवले. मुख्य कार्यालयातून एक पत्र आलं की नवऱ्याच्या जबाबाशिवाय प्रकरण पुढे पाठवू नये. अक्का घरात भिंतीला टेकून बसलेली असायची, कारण आडवं झालं की गुदमरायचं. ती मला रोज एकच विचारायची, "झालं का रं माझ्या नावाचं?" मी रोज सांगायचो, होत आलं.

होळीच्या आदल्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ती गेली. मी बँकेत होतो. शेजारचा माणूस सायकल मारत सांगायला आला तेव्हा मी एका म्हाताऱ्याच्या पावतीवर व्याज चढवत होतो. ते चढवून झाल्यावरच मी उठलो. का, ते मला सांगता येणार नाही.

दाजी आले, पोरं आली. तिच्या मातीला सासरचे सगळे होते.

महिन्याभरात दाजी बँकेत आले. त्यांच्या पिशवीत सगळं होतं. नव्या नावाचा मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, सरपंचाचा दाखला, पोलीस पाटलाचा दाखला, आणि मीच पाठवलेल्या मसुद्यावर केलेलं प्रतिज्ञापत्र की ही आणि ती बाई एकच होती. आता ती मेली होती, तेव्हा वारस म्हणून नवरा आणि दोन पोरं. लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी पटापट सह्या दिल्या होत्या. साहेबांनी कागद तपासले. सगळे बरोबर होते. फक्त दोन्ही नावांनी ओळखणारा, बँकेला माहीत असलेला एक साक्षीदार कमी पडत होता. साहेब क्षणभर घुटमळले आणि मग त्यांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला.

"तुम्ही करू शकता," ते म्हणाले.

मी म्हणालो, "माझी ओळख चालत नाही ना सर?"

"तेव्हा चालत नव्हती. आता तुम्ही वारस नाही. तुमचा हितसंबंध राहिला नाही." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि त्यांची अडचण मला समजत होती.

'वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून मी तिला ___ वर्षांपासून ओळखतो', असं छापलेलं होतं. रिकाम्या जागेत मी चोवीस लिहिलं, माझं वय. खाली सही केली. सही लगेच मान्य झाली. कॅशियरने दाजींना रक्कम दिली आणि मी पावतीवर 'अदा' असा शिक्का मारला.

दाजी पैसे घेऊन लगेच गेले नाहीत. ते बाकावर बसून राहिले. जेवणाच्या सुट्टीत मी बाहेर आलो तेव्हा ते माझ्यामागे आले. दोघे बँकेच्या पायऱ्यांवर उभे राहिलो. मला वाटलं, आता भांडण होणार. व्हावं असंही वाटत होतं.

"पाव्हणं, एक इचारू का?" ते म्हणाले. "मी तर अडून बसलो. मला देव माफ करणार न्हाई. पर तुमी बँकेत हायेत. तुमाला कुठून पंचवीस हजार भेटले नसते का?"

"भेटले असते," मी म्हणालो. "साहेब देत होते."

"मंग का घेतले न्हाई?"

मी त्यांना प्लॉटचं सांगितलं नाही. पण जे सांगितलं तेही खोटं नव्हतं. मी म्हणालो, "तिचे होते ना. तिचे असताना आपण कर्ज कशाला काढायचं, असं वाटलं."

दाजींनी रस्त्याकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "माझी बैलजोडी बावीस हजाराला मागत होते. जालन्याचा गिऱ्हाईक दोनदा येऊन गेल्ता. मलाबी त्येच वाटलं. तिचे हायेत म्हणलं, निघतील."

घरी गेल्यावर मी वडिलांना हे सांगितलं नाही. ती ठेव नसती तर त्यांनी गावभर पदर पसरला असता, मी कर्ज काढलं असतं, दाजींनी बैल विकले असते, आणि अक्का फेब्रुवारीतच औरंगाबादला गेली असती. वडील अखेरपर्यंत म्हणत राहिले, की आपण पोरीसाठी निदान तेवढं तरी करून ठेवलं होतं. मी मान डोलवायचो.